पाठदुखी

पाठदुखी : मानेच्या तळापासून नितंबांच्या खालच्या घडीपर्यंत पाठीच्या कोणत्याही भागात जाणवणाऱ्या वेदनेस पाठदुखी म्हणतात. शेवटच्या बरगडीखालील भागात होणारी वेदना, म्हणजेच कंबरदुखी, हा तिचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार असून प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्याचाच विचार केला आहे. पाठदुखी हा स्वतंत्र रोग नसून ते एक लक्षण आहे. २०२० मध्ये जगातील सु. ६१·९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. माणसाला कामापासून दूर ठेवणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक वरचा लागतो.

मराठीत या वेदनेच्या निरनिराळ्या रूपांना निरनिराळी नावे आहेत. वाकताना वा वजन उचलताना एकाएकी कळ येऊन स्नायू आखडले, तर लचक किंवा चमक भरली असे म्हणतात. श्वास घेतानाही दुखू लागले, तर उसण भरली असे म्हणतात. सकाळी उठताना ताठरलेली कंबर ‘धरलेली’ असते. नितंबापासून पायाच्या मागील बाजूने पावलापर्यंत उतरणाऱ्या वेदनेस आयुर्वेदात गृध्रसी अशी संज्ञा असून चरकसंहितेत तिची गणना वातविकारांत केली आहे. पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) व्यक्तीने पाठीला पाय लावल्यास उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आढळते. साधी उसण दोनचार दिवसांत आपोआपच उतरत असल्याने या उपायास यश येते. कमरेचे पट्टे व औषधी तेले यांच्या लौकिकाचेही पुष्कळदा हेच कारण असते.

रचना : पृष्ठवंश (पाठीचा कणा) ३३ मणक्यांचा बनलेला असतो. त्यांपैकी ७ मानेत, १२ छातीच्या मागे व ५ कमरेत असून त्यांखाली एकमेकांस जुळलेल्या ५ मणक्यांची त्रिकास्थी व बहुधा ४ मणक्यांचे माकडहाड असते. मानेतील पहिले दोन मणके वगळता कण्याच्या हालत्या भागात लागोपाठच्या दोन मणक्यांच्या मध्ये तंतुमय उपास्थीची (कूर्चेची) चकती असते. बोलभाषेत तिला गादी म्हणतात. चकतीचा गाभा पाण्याचे प्रमाण अधिक असलेल्या मऊ, चिकट पदार्थाचा असून त्याभोवती चिवट तंतूंची वलये असतात. प्रौढ वयात चकतीस स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. लगतच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या द्रवावर तिचे पोषण होते. दिवसभराच्या भाराने चकत्यांतील काही पाणी बाहेर पडते, त्यामुळे संध्याकाळी माणसाची उंची सकाळपेक्षा सु. एक ते दीड सेंमी. कमी भरते आणि रात्री आडवे झाल्यावर ती पूर्ववत होते. मणक्यांच्या मागील बाजूस लहान सांधे असतात. सर्व मणके अस्थिबंधांनी बांधलेले असून त्यांना उभे धरण्याचे काम पाठीच्या व पोटाच्या स्नायूंचे असते. मणक्यांच्या पोकळीतून जाणारा मेरुरज्जू साधारणतः कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्याशी संपतो; त्याखाली तंत्रिकामुळांचा (मज्जातंतूंच्या मुळांचा) घोड्याच्या शेपटीसारखा झुबका असतो व त्याला अश्वपुच्छ म्हणतात.

‘गादी सरकली’ आणि ‘मणक्यांत गॅप आला’ हे दोन वाक्प्रचार रुग्णांच्या तोंडी नेहमी असतात. दोन्ही दिशाभूल करणारे आहेत. चकती वरच्या व खालच्या मणक्यास घट्ट चिकटलेली असते, ती बशीप्रमाणे सरकू शकत नाही. बाहेरील वलयांना चीर पडून गाभ्याचा काही भाग फुगून येतो किंवा बाहेर पडतो. क्ष-किरण चित्रात चकती उमटत नसल्यामुळे दोन मणक्यांमध्ये रिकामी जागा नेहमीच दिसते. वयानुसार चकती आटली म्हणजे ही जागा वाढत नाही, उलट कमी होते. असे असूनही आपल्या कण्यात फट पडली आहे आणि वाकल्यास तो मोडेल, या भीतीने पुष्कळ माणसे वर्षानुवर्षे वाकणे टाळतात व त्यामुळे त्यांचे स्नायू अधिकच दुर्बल होतात.

कारणे : कंबरदुखीच्या दहा रुग्णांपैकी सु. नऊ रुग्णांत वेदनेचे नेमके स्थान निश्चित करता येत नाही. स्नायू, अस्थिबंध, मागील सांधे किंवा चकती यांपैकी कशाची तरी ती वेदना असते, परंतु कोणतीही तपासणी ते खात्रीने सांगू शकत नाही. अशा वेदनेस अविशिष्ट कंबरदुखी म्हणतात. रुग्णास हे उत्तर असमाधानकारक वाटते. वस्तुतः ते शुभवर्तमान असते, कारण या प्रकारातील बहुसंख्य रुग्ण सहा आठवड्यांच्या आत पुष्कळसे बरे होतात. मात्र वेदना पुन्हा उद्‌भवण्याची शक्यता बरीच असते.

चकतीचा बाहेर आलेला भाग तंत्रिकामुळावर दाब आणतो, तेव्हा वेदना पायात उतरते, मुंग्या येतात व क्वचित पाऊल उचलण्याची शक्ती कमी होते. डब्ल्यू. जे. मिक्स्टर व जे. एस. बार या बॉस्टन येथील शस्त्रक्रियातज्ञांनी १९३४ मध्ये हा संबंध स्पष्टपणे मांडला. त्यानंतर काही दशके जवळजवळ प्रत्येक कंबरदुखीचा दोष चकतीकडे देण्याची प्रवृत्ती बळावली व तिचा प्रभाव अद्याप पूर्णपणे ओसरलेला नाही.

उतारवयात मणक्यांची पोकळी अरुंद झाल्यास थोडे चालल्यावर पाय जड होतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो. ऋतुनिवृत्तीनंतर हाडे विरळ झालेल्या स्त्रियांत किरकोळ धक्क्यानेही मणका दबू शकतो. चाळिशीच्या आत, विशेषतः तरुणांत, पहाटे कंबर ताठरणे व हालचालीने ती सैल होणे हे लक्षण महिनोन्‌महिने टिकले, तर कणा हळूहळू सांधून टाकणाऱ्या संधिशोथाची (सांध्यांच्या दाहाची) शंका घ्यावी लागते. मूत्रपिंडातील खडा, स्वादुपिंडाचा दाह, गर्भाशयाचे विकार यांची वेदनाही पाठीत जाणवते. अंगावरून पांढरे जाण्यामुळे कंबर दुखते, तसेच प्रसूतीच्या शस्त्रक्रियेत मणक्यात दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनामुळे कंबर कायमची दुखू लागते, असे स्त्रियांत सर्रास मानले जाते. यांपैकी दुसऱ्या समजुतीस संशोधनाचा आधार मिळालेला नाही. प्रसूतीनंतरची कंबरदुखी अशी भूल न घेतलेल्या स्त्रियांतही आढळते. पहिल्या तक्रारीत जंतुसंसर्ग आहे किंवा कसे, याची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.

श्रम व पाठदुखी : वेदनेचे कारण शरीरात शोधून सापडत नसले, तरी ती वाढविणारी परिस्थिती पुष्कळदा रुग्णाच्या कामात स्पष्ट दिसते. या दृष्टीने ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील लागोपाठची शहरे उद्‌बोधक आहेत, कारण पाठीवर भार टाकणारे बहुतेक सर्व प्रकारचे श्रम येथे थोडक्या अंतरात आढळतात. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले; तेथील विभाग अजूनही कॅम्प क्रमांकानेच ओळखले जातात. निर्वासितांनी लहान जागेत उभारलेल्या घरगुती उद्योगांतून पुढे तेथे जीन्सची शिलाई व लाकडी सामान यांचे मोठे व्यवसाय वाढले. अंबरनाथ व बदलापूर येथे रसायने व अभियांत्रिकी यांच्या औद्योगिक वसाहती आहेत. या शहरांतील हजारो लोक दररोज लोकलगाडीने मुंबईकडे कामास जातात आणि आसपासच्या खेड्यांत पावसाळ्यात भातलावणी चालते.

शिलाई यंत्रावरील कामगार पाठ न टेकता स्टुलावर बसतो. मान व धड पुढे झुकलेले, पाय पायटावर आणि दोन्ही हात कापड पुढे सारण्यात गुंतलेले असतात. जीन्सचे कापड जाड व जड असल्याने त्याचे गठ्ठे उचलण्याचे श्रम निराळेच. अशा बैठकीत श्रोणी (ओटीपोटाचा अस्थिमय भाग) मागे कलते, कमरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो आणि मानेचे व खांद्यांचे स्नायू तासन्‌तास आकुंचित राहतात. स्वीडनमधील अल्फ नाखेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजून असे दाखविले, की उभे राहण्यापेक्षा पुढे झुकून बसताना तो अधिक असतो. १९९९ मध्ये जर्मनीत केलेल्या मोजणीत सैल, रेलून बसताना मात्र दाब उभे राहण्यापेक्षा कमी आढळला. तेव्हा दोष केवळ बसण्याचा नसून एकाच स्थितीत न हलता बसण्याचा आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

भातलावणी करणारी स्त्री दिवसभर कमरेत वाकून मागे मागे सरकत असते. दीर्घकाळ ताणलेले अस्थिबंध काही वेळ सैल राहतात. या अवस्थेत एकदम वजन उचलल्यास लचक भरण्याचा संभव वाढतो. रिक्षा व मालमोटारी चालविणाऱ्यांच्या पाठीस खड्ड्यांचे हादरे व यंत्राची कंपने सतत बसतात आणि कंपनांचा कंबरदुखीशी असलेला संबंध अनेक देशांतील पाहण्यांत आढळला आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर लोहमार्गाने सु. ६८ किमी. आहे. एवढा प्रवास गर्दीत उभ्याने किंवा तिघांच्या बाकावर ‘चौथ्या सीटवर’, म्हणजे एका नितंबावर तोल सांभाळत व धड वळवून, करावा लागतो. या प्रवासाने मणके झिजतात असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. परंतु आधीच दुखत असलेल्या पाठीला तो सोसत नाही, हे कोणीही नित्य प्रवासी सांगेल.

भार हे एकमेव कारण नव्हे. अमेरिकेतील एका विमान कारखान्याच्या सु. ३,००० कामगारांची पाहणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. पाठदुखीची तक्रार पुढे कोण करील याचा अंदाज वजन उचलण्याच्या मोजमापांपेक्षा कामगार आपल्या कामात समाधानी आहे की नाही यावरून अधिक चांगला बांधता येतो, असे तीत दिसून आले. याचा अर्थ वेदना काल्पनिक असते असा नाही. चिंता, निद्रानाश व काम सुटण्याची भीती यांमुळे तंत्रिका तंत्र वेदनेस अधिक संवेदनशील होते व वेदना लांबते.

धोक्याची लक्षणे : शंभर साध्या पाठदुखींत दडलेली एखादी गंभीर पाठदुखी वेळीच ओळखणे, हे वैद्याचे पहिले काम आहे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतील व बैठकीच्या भागात बधिरता येणे आणि दोन्ही पाय दुर्बल होणे ही अश्वपुच्छावरील दाबाची लक्षणे होत. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते, विलंबाने झालेली हानी बहुधा भरून येत नाही. अपघातानंतरची वेदना, पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीची नवी पाठदुखी, तसेच विश्रांतीनेही न थांबणारी व रात्री झोपेतून उठविणारी वेदना यांचीही तत्काळ तपासणी करणे आवश्यक असते.

भारतात या यादीत कण्याच्या क्षयास विशेष स्थान द्यावे लागते. महिनोन्‌महिने वाढत जाणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणे व वजन घटणे हा त्याचा नेहमीचा क्रम असतो. पुष्कळ रुग्णांत मात्र ताप नसतो व खोकलाही नसतो, म्हणून क्षयाची शंका येत नाही. रोगजंतू प्रथम मणक्यांच्या पुढील भागास व नंतर चकतीस पोखरतात; मणका ढासळून पाठीवर टोकदार कुबड येते आणि पू किंवा हाडाचा तुकडा मेरुरज्जूवर दाबला गेल्यास पाय लुळे पडतात. इंग्रज शस्त्रक्रियातज्ञ पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले; तिचे कारण असलेला जंतू रॉबर्ट कॉख यांना १८८२ मध्ये सापडला. कोंदट खोल्या, दाट वस्ती व अपुरा आहार ही क्षयाच्या प्रसारास अनुकूल परिस्थिती औद्योगिक उपनगरांत सहज आढळते. शिलाईकाम करणाऱ्या तरुणाची पाठदुखी ‘बसून बसून’ झाली असे मानून कित्येक महिने मालिश व वेदनाशामक गोळ्या यांवर घालविले जातात, तेव्हा हा रोग आत वाढत असण्याचा धोका असतो. सहा आठवड्यांनंतरही न हटणाऱ्या किंवा वाढत जाणाऱ्या पाठदुखीत रक्ततपासणी व प्रतिमा तपासणी करणे म्हणूनच इष्ट ठरते.

तपासणी : धोक्याची लक्षणे नसताना पहिल्या सहा आठवड्यांत क्ष-किरण किंवा एमआरआय या नावाने परिचित असलेली चुंबकीय तपासणी करण्याने लाभ होत नाही, उलट तीत दिसणाऱ्या निरुपद्रवी बदलांमुळे रुग्ण घाबरतो. अमेरिकेत पाठ कधीही न दुखलेल्या ९८ व्यक्तींची अशी तपासणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींत किमान एक चकती फुगलेली आढळली. सर्व चकत्या निर्दोष असलेल्या व्यक्ती केवळ ३६ टक्के होत्या. तपासणीच्या अहवालात दिसणारी ‘झीज’ ही पुष्कळदा केसांच्या पांढरेपणासारखी वयाची खूण असते.

उपचार : सक्तीची विश्रांती हा पाठदुखीवरील उपाय १९८० पर्यंत जवळजवळ सर्वत्र दिला जात असे. रुग्णाला फळीवर तीन-तीन आठवडे झोपवीत व पायांना वजने बांधीत. १९८६ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगात दोन दिवस व सात दिवस विश्रांती दिलेल्या गटांची तुलना करण्यात आली. बरे होण्यात फरक पडला नाही, परंतु दोन दिवसांच्या गटाचे कामाचे दिवस कमी बुडाले. १९९५ मध्ये हेल्सिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवरील प्रयोगात झेपेल तसे नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणात पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. कण्याच्या क्षयासारख्या रोगातही हाच अनुभव आला. दक्षिण कोरियातील मासान व पुसान येथे झालेल्या आणि १९७० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत क्षयाची औषधे नियमित घेणाऱ्या रुग्णांना सहा महिने खाटेवर ठेवल्याने किंवा प्लॅस्टरचे जाकीट घातल्याने अधिक लाभ झाला नाही. भारतात वाराणसीचे एस्. एम्. तुली यांनी याच सुमारास ‘मध्यममार्ग’ म्हणून ओळखली जाणारी पद्धती रूढ केली : सर्वांना औषधे व शस्त्रक्रिया केवळ निवडक रुग्णांवर. कण्याच्या क्षयावरील औषधे साधारणतः वर्षभर घ्यावी लागतात व ती शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. वेदना दोन महिन्यांत थांबली म्हणून ती सोडून देणे घातक ठरते.

साध्या कंबरदुखीत पहिले एकदोन दिवस सोसवेल तेवढी विश्रांती, शेक आणि आवश्यक तर थोडे दिवस वेदनाशामक गोळी एवढे बहुधा पुरेसे असते. या गोळ्या उपाशीपोटी वा महिनोन्‌महिने घेतल्यास जठरात व्रण होतात व मूत्रपिंडास इजा पोहोचते. औषधांच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेऊन कामावर जाणाऱ्या श्रमिकांत हा धोका विशेष असतो. त्यानंतर चालणे व हळूहळू वाढविलेला व्यायाम हाच मुख्य उपचार होय. ऑस्ट्रेलियातील ७०१ व्यक्तींवर केलेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचे लक्ष्य क्रमाक्रमाने गाठणाऱ्यांत पाठदुखी परतण्याचा मध्यम काल ११२ दिवसांवरून २०८ दिवसांवर गेला. टणक फळीवर झोपण्याचा सल्ला अजूनही दिला जातो; परंतु स्पेनमधील २००३ च्या एका प्रयोगात अतिटणक गादीपेक्षा मध्यम टणक गादी अधिक सुखावह ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दीर्घकालीन कंबरदुखीत कमरेचे पट्टे, ताण देण्याचे उपचार व अफूजन्य औषधे यांचा नेहमीचा वापर करू नये.

चकतीमुळे पायात उतरणारी वेदनाही बहुसंख्य रुग्णांत दोनतीन महिन्यांत कमी होते, कारण बाहेर आलेला भाग कालांतराने आक्रसतो. नेदर्लंड्समधील २०० हून अधिक रुग्णांवरील २००७ च्या प्रयोगात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची वेदना आधी थांबली, मात्र वर्षअखेरीस दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती. वाढता लुळेपणा किंवा अश्वपुच्छावरील दाब असल्यास मात्र शस्त्रक्रिया लांबवू नये.

‘कामावर जा, पण हलते राहा’ हा सल्ला अमलात आणणे कामाच्या अटींवर अवलंबून असते. कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगारास आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते, त्यामुळे तो काही दिवस हलके काम मागू शकतो किंवा रजा घेऊ शकतो. नगावर मजुरी घेऊन शिवणाऱ्यास अशी सोय नसते. तासातासाने उठून दोन मिनिटे पाठ मागे ताणण्याचा वेळही त्याच्या मजुरीतून जातो. पाठ टेकता येईल व उंची बदलता येईल असे आसन, यंत्राचे टेबल किंचित कललेले, गठ्ठे जमिनीऐवजी मांडीच्या उंचीवर ठेवणे आणि जड गठ्ठा दोघांनी उचलणे या फेरफारांना खर्च थोडा येतो व त्यांचा उपयोग पट्ट्यापेक्षा अधिक होतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात इजा होईल एवढे वजन कामगाराकडून उचलवून घेण्यास मनाई करणारे कलम (३४) व उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगणारे कलम (४४) होते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या भाराची मर्यादा ५५ किग्रॅ. वर आणण्याची शिफारस केली, तर महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांच्या कामाचे नियमन व कल्याण यांसाठी मंडळे स्थापण्याची तरतूद केली. ठराविक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या जागा मात्र कारखाने अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहत, आणि उल्हासनगरमधील शिलाईचे पुष्कळसे काम अशाच लहान गाळ्यांत व राहत्या घरांत चालत आले आहे.